तिसऱ्या फेरीतली तिसरी रेघ

४ फेब्रुवारी

आदरणीय पंचसाहेब,

नमस्कार. खेळाडूने पंचांना फोन करायचा नाही, घरी जायचं नाही, वाटेत गाठायचं नाही, असा आपल्या महासंघाचा नियम आहे. पत्राबद्दल नियमात काहीच नाही. वस्ताद म्हणाले, "नियम करणाऱ्यांना वाटलंच नसेल की अजून कुणी पत्र लिहितं. तू लिही." म्हणून लिहिते आहे.

मी गोचीड. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात मला सगळे याच नावाने ओळखतात, कारण एकदा धरलं की मी सुटत नाही. चौदा नोव्हेंबरला माझी लढत घणशी झाली. तिला घण का म्हणतात ते माझ्या जबड्याला विचारा. पहिली फेरी माझी, दुसरी तिची, यावर तुम्हा तिघा पंचांचं एकमत होतं. तिसरी फेरी एका पंचाने मला दिली, दुसऱ्याने तिला. उरलात तुम्ही. तुम्ही ती घणला दिलीत, दहा-नऊ. मी हरले.

त्या फेरीत मी तिला तीनदा खाली पाडलं. तिसऱ्यांदा तर कुंपणाच्या कोपऱ्यात दाबून दीड मिनिट वर होते आणि घंटा होईपर्यंत कोपराने मारत होते. उभ्याने तिने मला पाच-सहा ठोसे दिले असतील. मग फेरी तिची कशी?

रागाने विचारत नाही. राग होता, तो डिसेंबरात संपला. मी चौतिसाव्या वर्षात आहे. त्या लढतीतून देशाच्या संघात निवड होती, ती घणची झाली. अपील करायला तीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. पण पंचाचं मत वेगळं पडलं म्हणून समिती निकाल बदलत नाही. पंचाची उघड चूक असली तरच बदलते. तुमची चूक झाली असं मी कुठल्या तोंडाने लिहू? तुमच्या कडकपणाचे दाखले वस्ताद आम्हाला देतात. तेव्हा तुम्हीच सांगा. तुम्ही काय पाहिलंत?

आपली,
गोचीड

—

१२ फेब्रुवारी

चि. गोचीड,

(पोरीला गोचीड म्हणायचं जिवावर आलं. पण तूच सांगितलंस.)

तुझं पत्र ह्यांच्या नावाने आलं, उघडलं मी. ह्यांची पत्रं गेलं वर्षभर मीच उघडून वाचून दाखवत होते, त्या सवयीने. हे एकोणीस डिसेंबरला गेले. सकाळी बूट घालायला खुर्चीवर बसले, एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची राहिली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र तू आशेने वाचायला नकोस.

मी पंच नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन छापखान्यात झालं. तिथे पुस्तकांचे छापील ताव दुमडायचं काम मी बावीस वर्षं केलं. दुमडता दुमडता वाचायचे. सोळा पानं माझ्याकडे, पुढची सोळा पलीकडच्या बाईकडे. त्यामुळे कित्येक गोष्टींचा मला शेवट ठाऊक आहे आणि सुरुवात नाही. तुमच्या नियमांचं पुस्तक मात्र पहिल्या पानापासून वाचलंय, दोनदा. हे नसताना घरात दुसरं काही हाताला लागलं नाही.

त्यात लिहिलंय की नुसतं खाली पाडणं म्हणजे फक्त जागा बदलणं. पाडल्यावर काय झालं ते बघायचं. मार बसला का, गळा आवळायचा किंवा हात मोडायचा डाव टाकला का, की जमिनीवर आपटतानाच समोरची कळवळली. यातलं काही नसेल तर पाडण्याला वजन नाही.

हे नोकरीने वजनमापं तपासणारे. आठवडाभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि सुट्टीला तुमची मारामारी. मी एकदा म्हणाले, "एवढी थोरली बाई उचलून खाली घातली, आणि गुण नाही?" तर म्हणाले, "अगं, पाडलं हे अर्धं वाक्य आहे. पुढे काय, ते सांग."

प्रत्येक फेरीला ते वहीचं एक पान घ्यायचे. पाडलं की एक उभी रेघ. पाडून काही केलं तर रेघेवर फुली. खालची काही न होता उठून उभी राहिली तर रेघेभोवती गोल. ठोशांना ठिपके. अशा एकतीस वह्या आहेत. तुझी फेरी शोधते. वेळ लागेल. त्या खोलीत मला अजून फार वेळ बसवत नाही.

तुझी,
पंचांची बायको

—

२० फेब्रुवारी

काकू,

काकू म्हटलं तर चालेल ना? "पंचांची बायको" असं पाकिटावर लिहिलं तर पोस्टमन हसेल.

तुमचं पत्र कामावर वाचलं आणि तिथेच एका खोक्यावर बसून राहिले. पंचकाका मला न हसता बघायचे, एवढीच आमची ओळख. पण पिंजऱ्यात शिरताना ते खुर्चीवर दिसले की बरं वाटायचं. आज तरी वशिला चालणार नाही, असं.

तुम्ही वह्या शोधताय म्हणून भांडते, नाहीतर भांडले नसते. मी घरसामान हलवणाऱ्या कंपनीत काम करते. परवा एक कपाट आम्ही तिसऱ्या मजल्यावर नेलं. दारातून आत जाईना. परत खाली आणलं. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे काही झालंच नाही!" झालं कसं नाही? माझ्या कमरेला विचारा. घण पडायचं नाही म्हणून जीव तोडते, तरी मी तिला पाडते. याला शून्य? मी आधी कुस्ती खेळायचे, तिथे पाडल्याचे गुण हातोहात मिळायचे. आणि पडून उठण्यात तिचा दम जातो, पुढे तिचे ठोसे हलके पडतात. ते माझ्यामुळेच ना?

वस्ताद म्हणतात, "तू पंचाच्या विधवेशी वाद घालतेस? लाज नाही?" मी म्हटलं, काकूंनी नियम दोनदा वाचलेत, तुम्ही एकदा तरी वाचा.

सोबत पेनड्राइव्ह पाठवते. त्यात लढतीच्या दोन फिती आहेत, एक पंचांच्या बाजूची, एक समोरची. बघवलं तर बघा.

तुमची,
गोचीड

—

६ मार्च

चि. गोचीड,

काकू चालेल.

तुझं पान सापडलं. तिसऱ्या फेरीत तुझ्या बाजूला तीन रेघा आहेत. एकीवरही फुली नाही. घणच्या बाजूला सहा ठिपके, त्यातले दोन जाड. खाली दहा-नऊ.

दम जाण्याचं तू म्हणालीस, तेही त्यांना कुणीतरी आधी विचारलं असावं. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलंय, "आज पेरलं आणि उद्या उगवलं, तर उद्याच मोजू." म्हणजे तिचा दम गेला असेल तर पुढे तिचे ठोसे कमी पडतीलच, तेव्हा ते ठिपक्यांत दिसेल. आधीच कशाला द्यायचं? मला हे पटतं. तुझ्या कमरेबद्दल मात्र वाईट वाटतं. त्या मालकीणबाईंना कुणीतरी एकदा कपाटाचं एक टोक धरायला द्यावं.

फिती अजून पाहिल्या नाहीत. ते यंत्र मला जमत नाही. तिसऱ्या पाडण्याबद्दल मी जास्त काही सांगू शकत नाही.

परवा महासंघाचे सचिव येऊन गेले. ह्यांची रेघ-फुली-गोल पद्धत नव्या पंचांच्या पुस्तिकेत छापणार आहेत, वर ह्यांचं नाव. मी त्यांच्यासमोर रडले नाही. चहा दोनदा केला.

जबड्याची काळजी घे.

काकू

—

२ एप्रिल

प्रिय काकू,

पत्राला उशीर झाला. विचार करत होते, आणि त्याची मला सवय नाही.

मी अपील करत नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर फीत परत पाहिली. आधी माझे कोपर जोरात बसताना दिसायचे. या वेळी पाहिलं तर हलके दिसायला लागले. शेजारी बसलेल्या वस्तादांना विचारलं, तर म्हणाले, "आता तू म्हणतेस तर… कुरवाळल्यासारखे वाटतात खरे." काकू, वर असताना माझा चेहरा तिच्या खांद्यात खुपसलेला होता, तिला कितपत लागतंय ते मला तेव्हाही दिसत नव्हतं. पंचकाका समोर बसून बघत होते. त्यांनी बघितलं, तोललं आणि फुली मारली नाही. त्या माणसाचं वजन चुकलं म्हणायला मी कोण?

म्हणजे माझे हात हलके झालेत. वयाने होत असेल. मालकांना सांगितलंय की एक मेपासून मी पूर्ण वेळ कामावर येईन. तालमीत लहान मुलींना शिकवत राहीन. कालच त्यांना पंचकाकांचं शिकवलं. एकीने दुसरीला पाडलं की बाकीच्या सगळ्या ओरडतात, "पुढे काय?" मजा येते.

दुःखी होऊ नका. मला हरल्याचं कारण हवं होतं, ते मिळालं. पुस्तिका आली की एक प्रत मला पाठवा.

तुमची,
गोचीड

—

९ एप्रिल

चि. गोचीड,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही पूर्ण लिहिलं नाही. तीन रेघा आहेत, एकीवरही फुली नाही, एवढं लिहिलं. गोलाचं लिहिलं नाही. पहिल्या दोन रेघांभोवती गोल आहेत. तिसरीभोवती नाही. ती नुसती रेघ आहे. ना फुली, ना गोल.

एकतीस वह्या मी पानापानाने पाहिल्या. अशी उघडी रेघ शेवटच्या वहीशिवाय कुठेच नाही. शेवटच्या वहीत पाच आहेत. पाचही तेव्हाच्या, जेव्हा लढत ह्यांच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात, खांबाजवळ गेली होती. तुझी तुझ्या फितीवरून ताडून पाहिली, बाकीच्या चार महासंघाच्या फितींवरून, शेजारणीने मोबाइलवर शोधून दिल्या. हो, फिती मी पाहिल्या होत्या. सहा मार्चच्या आधीच, शेजारणीच्या टीव्हीवर. यंत्र जमत नाही हेही खोटंच.

ह्यांना काचबिंदू होता. डावा डोळा गेल्या वर्षी जवळजवळ गेला. दोन वेळा थेंब मी घालायचे. महासंघाचे डॉक्टर दरवर्षी पंचांचे डोळे तपासतात, भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात. मी सोबत गेले होते. हे आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावरून, उघड्या दारातून मी तो तक्ता नंबराच्या चिठ्ठीमागे उतरवून घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, पण एकही चूक नाही. मग डॉक्टरांकडे पोट बिघडल्याचं सांगून तीन दिवसांनंतरची वेळ घेतली. ते तीन दिवस मी भांडी घासायचे आणि हे दारात उभे राहून म्हणायचे, "ग, म, ट. प, र, ल, न." शेवटची ओळ पाठ झाली तेव्हा मीच म्हणाले, "त्यातलं एक अक्षर मुद्दाम चुकवा. सगळं बरोबर आलं तर खरं वाटणार नाही." हे हसले. म्हणाले, "तुला दुकान टाकायला हवं होतं. मला तुझा काटा सापडला नसता." आम्ही दोघं किती हसलो होतो, ग. तेच आता मला गिळवत नाही.

त्यांना म्हटलं होतं, सोडा आता. म्हणाले, "हा एक मोसम." काटे तपासायची नोकरी संपली होती. एवढंच उरलं होतं. मी थेंब घालत राहिले.

पंचांच्या खुर्चीशेजारी टीव्हीसारखा पडदा असतो, त्यात समोरच्या कॅमेऱ्याचं दिसतं. हे तो भिंतीकडे फिरवून ठेवायचे. "काटा बघावा, काट्याचा फोटो बघू नये." मला तेव्हा तो रुबाब वाटायचा. आता वाटतं, पडदा बघितला असता तर आपल्याला किती दिसत नाही ते त्यांना कळलं असतं.

तुझं पत्र आल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. खिडकीच्या मध्ये उभी चौकट आहे. डावा डोळा तळहाताने झाकला. रस्त्यापलीकडचा शिंपी चौकटीआड गेला, मशीनसकट. हात काढला, शिंपी परत आला. असं चार-पाच वेळा केलं. शिंप्याने हात हलवला, त्याला वाटलं मी बोलावते आहे.

तुझे कोपर हलके नव्हते. समोरच्या फितीत मी चौदा मोजले. आठव्याला घणने तोंड फिरवलं, अकराव्याला तिचा वर धरलेला हात खाली पडला, घंटेनंतर ती कुंपणाला धरून उठली. मी पंच नाही, पण हातातलं बळ गेलेला माणूस मी पाहिलेला आहे. ती फुली होती. ह्यांनी ती मारली नाही कारण ह्यांना ती दिसली नाही. आणि न दिसलेलं दिसलं असं वहीत लिहिणं ह्यांच्याने झालं नाही, म्हणून गोलही केला नाही. वहीत खरे राहिले. गुणपत्रिकेवर राहिले नाहीत. तिथे न दिसलेल्याला त्यांनी शून्य धरलं.

मी हे का दडवलं ते तुला कळलं असेल. पुस्तिकेवर नाव येणार होतं. वाटलं, पोरगी मत वेगळं पडलं म्हणून गप्प बसेल, कुणाचं काही जाणार नाही. पण तू तुझ्या हातांवरच उलटलीस. जे हात मी फितीत पाहिले, ते हलके झाले म्हणून तू खेळ सोडतेस, माझ्या एका न लिहिलेल्या वाक्यामुळे. एवढं माझ्याने उचलवत नाही.

वही, थेंबांच्या चिठ्ठ्या, तक्ता उतरवलेला तो कागद आणि माझं सहीचं पत्र मी काल अपील समितीला पाठवलं. तुला आज लिहिते. क्रम मुद्दाम असा ठेवला. तुला आधी लिहिलं असतं तर तू मला थांबवलं असतंस.

तुझं अपील मात्र तुलाच करावं लागेल. तीस तारखेच्या आत.

काकू

—

१७ एप्रिल

काकू,

बसून वाचलं. बरं झालं सांगितलंत.

खोटं कशाला बोलू, आधी राग आला. तुमचा. पंचकाकांचा नंतर. दोन दिवस सोफे आणि फ्रिज आदळत वाहिले. शेवटी वस्ताद म्हणाले, "फ्रिजवर कशाला राग काढतेस, त्याने काय केलं?" त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी फीत पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "कुरवाळल्यासारखे दिसतात असं मीच म्हणालो होतो ना? मला दोन्ही डोळे आहेत. मग मला काय झालं होतं?"

काकू, तेव्हा माझा राग गेला. मलाही दोन डोळे आहेत, आणि मला माझेच कोपर हलके दिसले, कारण मोठ्या माणसाने तसं लिहिलंय असं वाटलं. आंधळं व्हायला प्रत्येक वेळी काचबिंदूच लागतो असं नाही.

खरं सांगू? तुम्ही मला थांबवू दिलं नाहीत, ते बरं केलंत. मी थांबवलंच असतं, आणि मग जन्मभर चांगुलपणाचं ओझं वाहत बसले असते. कपाट परवडलं.

अपील काल दिलं. त्यात तुमच्याबद्दल एक शब्द वाईट लिहिला नाही. पंचकाकांबद्दल एवढंच लिहिलं, "त्यांना दिसलं नाही, आणि त्यांनी वहीत तसं सांगून ठेवलं."

मालकांना एक मेचं नाही म्हणून कळवलंय. ते म्हणाले, "मग कधी?" मी म्हटलं, "पुढे काय ते बघू."

तुम्ही जेवताय ना नीट?

गोचीड

—

२ जुलै

प्रिय काकू,

अपिलाचा निकाल लागला! लढतीचा निकाल रद्द झाला. मी जिंकले नाही, घण हरली नाही, ती लढत झालीच नाही असं धरायचं आणि बावीस सप्टेंबरला पुन्हा खेळायचं, संघातली निवडही त्यावरच. घणला वाईट वाटलं असेल असं वाटून मी तिला फोन केला. खेळाडूने खेळाडूला फोन करायला बंदी नाही. म्हणाली, "बरं झालं. समितीने लिहिलंय तो अकरावा कोपर मला अजून आठवतो. या वेळी तुझा जबडाच बाजूला काढून ठेवते." चांगली आहे ती.

तुम्हाला भीती होती ते समितीने केलं. पंचकाकांच्या शेवटच्या वर्षातल्या सगळ्या लढती परत पाहिल्या. वीस होत्या. अठरा लढतींना समितीनेही तेच गुण दिले. फरक पडला तो दोनच लढतींत: एक आमची, आणि आणखी एक, ज्यात त्यांच्या गुणांनी निकाल फिरला नव्हता. हे तुम्हाला सचिव कळवतीलच, पण मला आधी सांगायचं होतं.

पुस्तिका सोबत आहे. पान नऊ बघा. रेघ, फुली, गोल, आणि चौथी खूण: नुसती रेघ. खाली छापलंय, "पाडल्यानंतरचं दिसलं नाही. पंचाने रेघ उघडी ठेवावी व पडदा पाहूनच ती पुरी करावी. न दिसलेल्यास शून्य धरू नये." नाव मात्र छापलेलं नाही, काकू. मी सचिवांशी भांडले. ते म्हणाले, डोळ्यांच्या तपासणीचं प्रकरण असताना नाव घालता येत नाही.

बावीसला तुम्ही यायचं. सोबत कोरी वही आणायची आणि मला नंतर लिहायचं, तुमच्या वहीत काय आलं ते. गोड लिहायचं नाही. गोड तर वस्तादही बोलत नाहीत.

गोचीड

—

२४ सप्टेंबर

चि. गोचीड,

तुझ्या पत्राला जुलैतच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण वाटलं, वही भरली की एकदमच लिहू.

आधी नावाचं. सचिवांशी आता भांडू नकोस. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे काटे जप्त केले, त्याचा काटा खोटा निघाला तर तोही जप्त व्हायला हवा. हे स्वतः असते तर हेच म्हणाले असते, आणि त्यांच्या आधी मी म्हणायला हवं होतं. पान नऊ मी कापून घेतलंय आणि बत्तिसाव्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलंय. बत्तिसावी वही माझी. खूण त्यांची आहे, ती मला ओळखता येते. बाकी कुणाला नाही आली तरी चालेल.

थेंबांची शेवटची बाटली फ्रिजच्या दारात होती. तिच्यावर माझ्या हाताने बारा डिसेंबर लिहिलेलं. उघडल्यापासून महिन्याभरात टाकायची असते. परवा टाकली. फ्रिजच्या दारात तिची गोल जागा उरली आहे, तिथे अजून काही ठेवलं नाही.

आता तुझी लढत. तू जिंकलीस, दोन पंचांनी तुला दिली, एकाने तिला. माझ्या वहीतही तूच जिंकलीस, पण वस्तादांनी ओरडून सांगितलं तितकी नाही.

पहिली फेरी घणची. तिचे नऊ ठिपके, तुझ्या दोन रेघा, दोन्ही गोलात. दुसऱ्या फेरीत तू तिचा पाय अडकवून तिला आडवं केलंस तेव्हा सगळं सभागृह उठलं. माझ्या शेजारची बाई तर माझ्या पायावरच उठली. पण घण तिसऱ्या श्वासाला उभी होती, आणि उठता उठता तुला एक देऊन गेली. मी गोल केला. तुला वाईट वाटेल, पण मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. ती फेरी तुला मिळाली ती शेवटच्या मिनिटात तू तिचा गळा धरलास म्हणून. रेघेवर फुली.

मग तिसरी. तू तिला पाडलंस आणि दोघी सरकत सरकत त्याच डाव्या कोपऱ्यात गेलात. मी ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे बसले होते, तिकीट मुद्दाम तिथलं घेतलं होतं. खांब मध्ये आला. मान इकडे केली, तिकडे केली, तुमचे पाय तेवढे दिसत होते. लोक ओरडत होते. ओरडण्यावरून फुली मारायला हात शिवशिवला, तुझ्यासाठी. मारली नाही. रेघ ओढली आणि उघडी ठेवली.

ह्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसते. केस घट्ट बांधलेले, चष्मा. तिचाही हात कागदावर थांबला होता. तिने शेजारचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. तिच्या खांद्यावरून मलाही त्यात दिसलं. तुझे कोपर, एकामागून एक, आणि घणचा खाली येत गेलेला हात.

मी फुली मारली. तिने काय लिहिलं ते मला दिसलं नाही, म्हणून सांगत नाही. पण तिचं पेन हललेलं मी पाहिलं.

तुझी,
काकू